३० अँपिअरच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये स्प्लिट ए.सी. बसवण्याविषयी

वाटसरू (सॅन अँटोनियो, टेक्सास)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, आहे. छतावर १३,५०० बीटीयूचा ए.सी. असून कॅम्पग्राउंडवर आम्ही ३० अँपिअरच्या सॉकेटवरून वीज घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी ३८ ते ४० अंश सेल्सिअस तापमान असते. तेव्हा हा ए.सी. अखंड चालूनही आतले तापमान २८ अंशांच्या खाली उतरत नाही. आवाजाचा त्रास त्याहून मोठा आहे. आई-बाबा साताऱ्याहून दर उन्हाळ्यात येतात. बाबांना ऐकायला थोडे कमी येते, त्यामुळे ए.सी. सुरू झाला की समोरासमोर बसूनही बोलणे बंद पडते, आणि बंद केला की दहा मिनिटांत घामाघूम व्हायला होते.

म्हणून १२,००० बीटीयूचा, म्हणजे एक टनाचा, इन्व्हर्टर स्प्लिट ए.सी. बसवण्याचा विचार आहे. ३० अँपिअरवर तो चालेल का, बाहेरचे युनिट पुढे बसवावे की मागे, आणि नळ्या जोडण्याचे व गॅसचे काम स्वतः करण्यासारखे आहे का, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. हत्यारे वापरायची सवय आहे. शीतकरणाच्या कामाचा अनुभव मात्र नाही.

तारयंत्री (डॅलस, टेक्सास)

वाटसरू, आधी विजेचे पाहू, कारण यंत्र कोणते घ्यायचे हे त्यावरच ठरेल. भारतात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट मिळतात, त्यामुळे घरातल्या कोणत्याही पॉवर पॉइंटवर एक टनाचा ए.सी. चालतो. अमेरिकेत फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट असतात आणि २४० व्होल्ट हवे असतील तर दोन फेज लागतात. ट्रेलरच्या ३० अँपिअरच्या सॉकेटात, म्हणजे टीटी-३० मध्ये, एकच फेज येतो. तेव्हा २०८-२३० व्होल्टचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी ते तुमच्या कामाचे नाही. बाजारात ११५ व्होल्टची, म्हणजे तुमच्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी, ९,००० आणि १२,००० बीटीयूची यंत्रे मिळतात. खरेदी करताना नामपट्टीवरचा व्होल्टेज स्वतः वाचावा, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. पुढेमागे ५० अँपिअरचा ट्रेलर घेतलात तर त्यात दोन फेज असतात आणि २४० व्होल्ट मिळू शकतात. मात्र तोच ट्रेलर अ‍ॅडॅप्टर लावून ३० अँपिअरच्या सॉकेटला जोडला की दोन्ही बाजूंना एकच फेज जातो आणि २४० व्होल्टचे यंत्र बंद पडते.

३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॅट होतात. तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी ८० टक्के, म्हणजे २४ अँपिअर, ही मर्यादा धरावी. छतावरचा तुमचा ए.सी. कडक उन्हात १३ ते १६ अँपिअर घेतो आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट ओढतो. गिझरची विजेची कॉइल साधारण १,४०० वॅटची, मायक्रोवेव्ह एक ते दीड हजार वॅटचा. ही दोन्ही ए.सी.बरोबर लागली की ब्रेकर पडतो, हा अनुभव तुम्हाला असेलच. एक टनाचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ९ ते १० अँपिअरच्या आसपास राहतो, खोली गार झाल्यावर ३००-५०० वॅटवरही भागवतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर संथपणे वेग घेत असल्यामुळे सुरुवातीचा झटका जवळपास नसतो. माझ्या मते आवाजाइतकेच हेही स्प्लिटच्या बाजूचे मोठे कारण आहे, कारण लहान इन्व्हर्टर जनरेटरवरसुद्धा तो तक्रार न करता चालू होतो.

त्याला पॅनेलमधून स्वतंत्र वायर आणि नामपट्टीवर लिहिला असेल तेवढ्याच क्षमतेचा ब्रेकर द्यावा, आणि बाहेरच्या युनिटजवळ, हात सहज पोहोचेल असा, वीज तोडण्याचा स्विच लावावा.

एक इशारा देणे मला गरजेचे वाटते. घराच्या आवारात ट्रेलरसाठी टीटी-३० सॉकेट बसवून घेताना इमारतीची कामे करणारे काही इलेक्ट्रिशियन तीन पिनांचे ३० अँपिअरचे सॉकेट म्हणजे कपडे वाळवायच्या यंत्राचेच, असे समजून त्यात २४० व्होल्ट सोडतात. ट्रेलरचा प्लग लावताच कन्व्हर्टर (बॅटरीसाठी वीज बदलून देणारे यंत्र), मायक्रोवेव्ह आणि ए.सी.चा बोर्ड एकदम जळतात. नव्या सॉकेटला मीटर लावून १२० व्होल्ट पाहिल्याशिवाय प्लग जोडू नये.

काळवीट (कॉलोराडो स्प्रिंग्ज)

नवे यंत्र घेण्याआधी जुने खरोखरच कमी पडते आहे का, हे तपासा, असे मी आग्रहाने सांगेन. आत जाणारी हवा आणि जाळीतून बाहेर पडणारी हवा यांचे तापमान थर्मामीटरने मोजा. फरक ९ ते ११ अंश सेल्सिअस असेल तर यंत्र आपले काम चोख करते आहे आणि दोष उष्णता आत येण्याचा आहे. अशा वेळी छतावरच्या पारदर्शक झडपेला आणि खिडक्यांना परावर्तक पडदे लावले, ट्रेलर सावलीत वळवला, तर मोठा फरक पडतो.

दुसरे असे की, पुष्कळ ट्रेलरांत छताच्या आतला हवेचा कप्पा कारखान्यात धड बंद केलेला नसतो. आतले झाकण काढून पाहा. गार हवेचा भाग आणि परतीच्या हवेचा भाग यांच्यामधल्या पडद्याला फट असेल, तर गार हवा खोलीत न येता तिथल्या तिथे पुन्हा ओढली जाते. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप लावून ती फट बुजवणे हे एका दुपारचे आणि अगदी थोड्या खर्चाचे काम आहे. सुरुवातीच्या झटक्यासाठी सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारे उपकरण, मिळते. आवाजावर मात्र याने विशेष उपाय होणार नाही, हे मान्य करतो. कारण कॉम्प्रेसर डोक्यावरच राहतो.

निवडुंग (फीनिक्स, अ‍ॅरिझोना)

मी शीतकरणाचेच काम करतो आणि आमच्याकडे ट्रेलरमधले स्प्लिट दुरुस्तीला बऱ्यापैकी येतात. काळवीट यांचा सल्ला योग्य आहे, तो आधी करून पाहा. तरीही स्प्लिट घ्यायचे ठरले, तर एक गोष्ट शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी लागेल. हे यंत्र भिंतीवर एकदा बसले की तिथून न हलणाऱ्या घरासाठी बनवलेले असते. थंड करण्यात ते कमी पडत नाही. त्याला रस्त्याची थरथर सोसत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक दोष धक्के, गळती आणि सैल झालेले नट यांतून आलेले असतात.

बाहेरचे युनिट २५ ते ३० किलोचे असते. ते मागच्या बंपरवर लावण्याचा मोह होतो, कारण तिथे जागा मोकळी दिसते. पण तो बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी नळी असते आणि तिचे वेल्डिंग जेमतेम सुटे चाक पेलण्याइतके असते. शिवाय एस.टी.च्या शेवटच्या बाकावर जसे आदळायला होते, तसेच धुऱ्याच्या मागे लांब बसवलेले यंत्र प्रत्येक खड्ड्यात वर उडते. मागचे वजन वाढले की हिचवरचा, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या जोडावरचा, भार घटतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी झाला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतो. म्हणून पुढच्या त्रिकोणी चौकटीवर, म्हणजे टंगवर, बसवणे मला पसंत आहे. मात्र हिचवर किती भार वाढतो आणि ओढणारी गाडी तो पेलते का, हे काट्यावर वजन करून पाहावे. गाडी काटकोनात वळवल्यावर तिचा मागचा कोपरा युनिटला लागत नाही ना, हेही मोकळ्या मैदानात पाहून घ्यावे.

टंगवर प्रोपेनच्या टाक्याही असतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर खालीच साचतो. टाक्यांना चिकटून विजेचे यंत्र बसवू नये, आणि टाकी बदलायला व रेग्युलेटर पाहायला जागा राहिली पाहिजे. युनिटच्या मागून हवा आत जाते आणि पुढून गरम होऊन बाहेर पडते, तेव्हा मागे पुस्तिकेत दिलेले अंतर सोडावे आणि पुढचे तोंड मोकळे ठेवावे. चौकटीला वेल्ड केलेला कोनांचा स्टँड, त्यावर रबरी पाय आणि नायलॉनच्या कड्याचे नट, अशी जोडणी टिकते. प्रवासात जाळीवर घट्ट आवरण बांधावे. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याने पंखा उलटा फिरू लागला की त्याची मोटर जनरेटरसारखी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवते. शिवाय रस्त्यावरचे खडे कंडेन्सरच्या पाकळ्या वाकवतात. मुक्कामी आवरण काढायला विसरू नये.

आतल्या युनिटचे वजन ८ ते १० किलो भरते. पण ट्रेलरची भिंत म्हणजे पातळ प्लाय, फोम आणि बाहेरचा फायबरग्लास किंवा पत्रा. नुसत्या स्क्रूंनी लावलेली पट्टी काही प्रवासांत निघून येते. दोन उभ्या पट्ट्यांवर टेकेल असा १२ मिलिमीटरचा प्लाय आधी बसवावा आणि युनिटची पट्टी त्यावर घ्यावी. आतले युनिट वरच्या हुकांवर टांगलेले असते. खड्ड्यात उसळून ते हुकांवरून सुटू नये म्हणून खालच्या कडेला पट्टा किंवा क्लिप लावावी. नळ्यांसाठी साधारण तीन इंची भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे आणि कडा ब्युटिल टेपने व सीलंटने बंद कराव्यात. यात हयगय झाली तर पावसाचे पाणी प्लायमध्ये शिरते आणि भिंतीचे थर फुगून सुटतात. ती दुरुस्ती ए.सी.च्या किमतीपेक्षा महाग पडते.

आता नळ्यांकडे वळतो. एक टनाच्या यंत्राची पातळ नळी पाव इंची असते आणि जाड नळी बहुधा तीन अष्टमांश किंवा अर्धा इंची. नळी कापल्यावर तोंड खाली धरून आतली धार काढावी, म्हणजे तांब्याचा कीस आत पडणार नाही. फ्लेअर, म्हणजे नळीचे पसरवलेले तोंड, ४५ अंशांचा, गुळगुळीत आणि चीर नसलेला हवा. त्याच्या पाठीवर शीतकरण तेलाचा एक थेंब लावून नट हाताने सुरू करावा आणि टॉर्क पान्याने आवळावा: पाव इंचीला साधारण १५ ते १८ न्यूटन-मीटर, तीन अष्टमांशला ३३ ते ४०, अर्धा इंचीला ५० ते ६०. अंदाजाने जास्त आवळलेला फ्लेअर पातळ होतो आणि थरथरीने तिथेच तडकतो. ट्रेलरमध्ये अंतर कमी असले तरी नळी तीन मीटरपेक्षा आखूड सहसा करू नये. उरलेल्या लांबीचे बाहेरच्या युनिटमागे आडवे, सैल वेटोळे करावे. तेच वेटोळे थरथर झेलते आणि पुढे फ्लेअर पुन्हा करायची वेळ आली तर नळीही शिल्लक राहते. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे इन्सुलेशन हवे, कारण या यंत्रांत गॅसचा प्रसरण वाल्व बाहेरच्या युनिटमध्ये असल्यामुळे पातळ नळीही थंड पडते आणि तिच्यावर पाणी जमते.

गॅसचे काम स्वतः करावे का, याचे उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत शीतवायूचे परिपथ उघडणाऱ्या, भरणाऱ्या वा रिकामे करणाऱ्या माणसाकडे स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खालील प्रमाणपत्र असावे लागते. या परीक्षेची तयारी कुणीही करू शकतो, आणि तुमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्या माणसाने ती करावी, असे मला मनापासून वाटते. तोवर स्टँड, प्लाय, भोक, वायरिंगचा मार्ग आणि पाण्याचा निचरा ही कामे तुम्ही करा आणि फ्लेअर, व्हॅक्युम व गॅस प्रमाणित तंत्रज्ञाकडे सोपवा. हेही लक्षात ठेवा, की २०२५ पासून अमेरिकेत घरगुती वापरासाठी नव्याने बनणारी यंत्रे आर-४१०ए ऐवजी आर-३२ किंवा आर-४५४बी या वायूंवर चालतात. कार्बन डायऑक्साइडची १ धरली तर आर-४१०एची जागतिक तापमानवाढीची क्षमता २,०८८ होती, तर आर-३२ची ६७५ आहे. पण हे नवे वायू सौम्य ज्वालाग्राही आहेत. ट्रेलरसारख्या छोट्या बंदिस्त जागेत गळती म्हणजे केवळ गारवा जाणे नव्हे. पुस्तिकेत खोलीचे किमान क्षेत्रफळ दिलेले असते. ते यंत्र घेण्याआधी पाहून घ्यावे.

मुळामुठा (पुणे)

निवडुंग यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. आपल्याकडे घरोघरी स्प्लिट बसवताना व्हॅक्युम पंप गाडीवरून खाली उतरतच नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तंत्रज्ञ एक वाल्व थोडा उघडतो, दुसऱ्या टोकाचा नट सैल करून फुस्स आवाज येऊ देतो आणि ‘हवा गेली’ म्हणून काम संपवतो. हवा बरीचशी जातेही, पण नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली ओल तशीच राहते. हल्लीच्या कॉम्प्रेसरमधले तेल ओल पटकन शोषते, त्यातून आम्ल तयार होते आणि एक-दोन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसरच्या गुंडाळीचे इन्सुलेशन जाते. ग्राहकाला तेव्हा ‘व्होल्टेजमुळे जळाला’ असे कारण ऐकवले जाते. वाटसरू, तिकडे कुणी असेच काम उरकू लागला तर त्याला थांबवा. पंपाने व्हॅक्युम ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेला दाब मोजण्याचे एकक) खाली नेऊन पंप बंद करायचा आणि मायक्रॉन गेजकडे काही वेळ पाहत राहायचे. काटा चढून एका जागी स्थिरावला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे, आणि ५००च्या आसपास राहिला तरच युनिटचे वाल्व उघडायचे.

रानवाट (ह्यूस्टन, टेक्सास)

याच धाग्यात माझी अडचण मांडतो. मागच्या मालकाने बसवून घेतलेला एक टनाचा स्प्लिट ट्रेलरबरोबर मिळाला. प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर गारवा कमी होत गेला. आता आतल्या कॉइलच्या एका टोकाला बर्फ धरतो आणि बाहेरच्या युनिटच्या पातळ नळीच्या नटावर तेलकट डाग दिसतो. एका दुरुस्तीवाल्याने दोनदा गॅस टाकून दिला. दोन्ही वेळा काही आठवडेच चालला. मधूनच आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधला संपर्क तुटल्याचा कोडही येतो आणि वीज बंद-चालू केली की जातो.

निवडुंग (फीनिक्स, अ‍ॅरिझोना)

रानवाट, तो तेलकट डाग हीच गळतीची जागा आहे. शीतवायूबरोबर तेल फिरते आणि वायू जिथून निसटतो तिथे तेल मागे ठेवून जातो. खात्रीसाठी साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. टोकाला बर्फ धरणे हे वायू कमी झाल्याचे लक्षण आहे. फिल्टर तुंबला असता तर बर्फ सहसा कॉइलभर पसरला असता. तरी फिल्टर धुऊन घ्या.

वरून गॅस टाकणे ही दुरुस्ती नाही. इन्व्हर्टर आपला वेग सतत बदलत असल्यामुळे दाब पाहून गॅस किती आहे हे ठरवता येत नाही; तो नामपट्टीवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये काट्यावर मोजूनच भरावा लागतो. आर-४१०ए आणि आर-४५४बी हे मिश्रण असल्यामुळे ते द्रवरूपातच भरायचे असतात. तंत्रज्ञाकडून उरलेला वायू यंत्राने काढून घ्या, जुना फ्लेअर कापून टाका आणि नवा फ्लेअर करा. जुनाच नट अधिक आवळला तर थरथरीने कडक झालेले तांबे पुन्हा चिरते. मग नायट्रोजनने यंत्रावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत दाब देऊन तो टिकतो का पाहावे. दाब तपासायला ऑक्सिजन किंवा साधी दाबलेली हवा कधीही वापरू देऊ नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. त्यानंतर मुळामुठा यांनी सांगितल्याप्रमाणे व्हॅक्युम आणि शेवटी मोजलेला वायू.

संपर्क तुटण्याच्या कोडासाठी बोर्ड बदलण्याची घाई करू नका. दोन्ही युनिटांमधली चार तारांची केबल टर्मिनलवर सैल झाली आहे का, ते आधी पाहा. एकसंध तांब्याची तार थरथरीने स्क्रूखालून सरकते किंवा तुटते. बहुतारी केबल घेऊन टोकांना दाबून बसवलेले लग (धातूची टोपणे) लावले की हा दोष बहुधा जातो. पण झाकण उघडण्याआधी वीज तोडून काही मिनिटे थांबा आणि मीटरने मोजा. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा व्होल्टेज राहतो.

तारयंत्री (डॅलस, टेक्सास)

रानवाट, कोड दुपारी उशिराच येतो का, याकडेही लक्ष ठेवा. त्या वेळी सगळ्या ट्रेलरांचे ए.सी. एकदम चालतात आणि जुन्या कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज १२० वरून १०५ पर्यंत उतरतो. कमी व्होल्टेजवर इन्व्हर्टर तेवढेच काम करण्यासाठी जास्त अँपिअर ओढतो आणि सैल जोड तापतो. कमी व्होल्टेजला वीज आपोआप तोडणारे संरक्षक यंत्र सॉकेट आणि ट्रेलर यांच्यामध्ये असावे. ते चुकीची पोलॅरिटी आणि तुटलेला न्यूट्रलही ओळखते.

वाटसरू (सॅन अँटोनियो, टेक्सास)

सर्वांचे आभार. काळवीट, तुमच्या सांगण्यावरून झाकण काढून पाहिले. मधल्या पडद्याला बोटभर फट होती. ती टेपने बुजवल्यावर दुपारचे तापमान २५ अंशांपर्यंत आले, पण आवाज तितकाच आहे. त्यामुळे स्प्लिट घेणार हे नक्की झाले आणि छतावरचे यंत्र राखीव म्हणून ठेवणार. स्टँड आणि प्लायचे काम मी करेन. नळ्या आणि गॅस प्रमाणित तंत्रज्ञ करेल. एकच शंका उरली आहे. आतले युनिट पलंगाच्या वरच्या भिंतीवर येते. निचऱ्याचे पाणी गादीवर पडू नये यासाठी काय काळजी घ्यावी?

निवडुंग (फीनिक्स, अ‍ॅरिझोना)

दमट हवेत एक टनाचे यंत्र तासाला एक-दीड लिटर पाणी सहज काढते, तेव्हा शंका रास्त आहे. युनिटखालची पन्हळ उथळ असते आणि तिचे तोंड एका बाजूला असते. ट्रेलर त्याच्या उलट बाजूला कलला तर पाणी आत सांडते. म्हणून ए.सी. लावण्याआधी ट्रेलर दोन्ही दिशांनी पाणसळीने समतल करावा. निचऱ्याची नळी भोकातून बाहेर पडेपर्यंत सलग उतरती हवी. मध्ये कुठेही पोट पडले तर पाणी अडते. बाहेरचे टोक जमिनीपासून वर मोकळे ठेवा आणि त्याला बारीक जाळी लावा, नाहीतर गांधीलमाशी मातीने ते बंद करते. भिंतीच्या रचनेमुळे उतार मिळत नसेल तर छोटा निचरा-पंप बसवता येतो, पण त्याचा आवाज रात्री पलंगावर ऐकू येईल. शक्य असेल तर युनिट दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवर घ्या. बसवून झाल्यावर फिल्टर काढून कॉइलवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि ते सगळे बाहेर पडते का पाहा. आतला प्लाय झाकण्याआधीच हे करा.